मल्लप्पाअण्णांचा पाव फेरा

मल्लप्पाअण्णा आमच्या घरी आले की आधी कोपऱ्यातला उभा पंखा बंद करतात. चपला दाराबाहेर काढायच्या, उंबऱ्याच्या आत एक पाय टाकायचा, आणि "काय भाऊसाहेब, बरं हाय न्हवं?" असं विचारता विचारता हात भिंतीवरच्या बटणाकडे न्यायचा. खट्. मग खुर्चीत बसायचं. हे कुठे, तर सोलापुरात. आणि कधी, तर ऐन मे महिन्यात, जेव्हा दुपारी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीतून थेट चहाचं आधण येतं.

"अण्णा, उकडतंय हो," असं मी सुरुवातीला म्हणून पाहिलं.

"उकडू द्या की. वारं लई वाईट. एका अंगानं खातंय."

कुणाला खातंय, हे मी विचारलं आणि पुढचा अर्धा तास घाम पुसत ऐकत बसलो. त्यानंतर विचारायचं सोडलं. आमच्याकडे पाहुणे असले तर त्यांनाही सूट नाही. माझे एक साहेब एकदा सहकुटुंब जेवायला आले होते. अण्णा आले, पंखा बंद केला, साहेबांच्या खुर्चीकडे तोंड करून "बसा बसा, सावकाश जेवा" म्हणाले आणि निघून गेले. साहेबांना वाटलं, घरमालक असावेत.

अण्णा कुंभार आहेत. आमच्या घराची मागची भिंत संपते तिथे त्यांचं अंगण सुरू होतं. लांबलचक पत्र्याची पडवी, तिच्या एका टोकाला विजेवर फिरणारं चाक, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला मडकी भाजायचा आवा, आणि मधे पाय ठेवायला जागा नाही इतकी मडकी. नऊ वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं तेव्हाच अण्णांची बायको काशव्वा जाऊन दोन वर्षं झाली होती. दोन मुली, एक अक्कलकोटला दिलेली, एक मोडनिंबला. अण्णा एकटे राहतात, एकटे रांधतात, आणि मडक्यांशी बोलतात. मी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क, म्हणून 'भाऊसाहेब'. आई तेहतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली, म्हणून 'बाई'. माझी बायको सुनंदा 'अव्वा', म्हणजे कानडीत आई. हा मान तिला पहिल्याच दिवशी आल्याचा चहा दिल्याबद्दल मिळाला. मला अजून मिळायचा आहे.

वाकडेपणाचं अण्णांना भारी वावडं. गंमत म्हणजे स्वतः अण्णा डावीकडे झुकलेले आहेत. पन्नास-पंचावन्न वर्षं चाकावर बसून एक खांदा खाली गेलाय. लांबून चालत येताना त्यांच्या एका हातात जड पिशवी आहे असं वाटतं. जवळ आल्यावर कळतं, हात रिकामाच आहे.

त्यांचं शास्त्र थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी, की मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. ओलं मडकं उघड्यावर राहिलं की वाऱ्याकडची बाजू आधी वाळते. वाळली की आकसते. दुसरी बाजू अजून ओलीच, ती तिकडे ओढली जाते. झालं तोंड वाकडं. शिवाय काठ पातळ, बूड जाड. काठ आधी वाळून मोकळा होतो, बूड मागे रेंगाळतं, मग दोघांची ओढाओढ आणि मधे चीर. म्हणून पडवीला चारी बाजूंनी गोणपाटं टांगलेली. काठांवर ओली फडकी. काठाला जरा बळ आलं की मडकं पालथं घालायचं, म्हणजे बुडालाही वाळायला मिळतं. आणि सगळ्यात मुख्य, दर दोन तासांनी प्रत्येक मडक्याला पाव फेरा. पाव म्हणजे पाव. अर्धा नाही, अंदाजे नाही. यासाठी पडवीत खुंटीला एक गजराचं घड्याळ टांगलेलं होतं. सात, नऊ, अकरा, एक... आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्या गजरावर औषधं घेत.

इथवर ठीक होतं. धंदा आहे, नियम पाळावेच लागतात. पण अण्णांचा पाव फेरा पडवीत थांबत नसे. त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला की ते आधी तो बशीत पाव फेरा फिरवत. बोलता बोलता आमची साखरेची बरणी फिरवत, माझं पेनस्टँड फिरवत, खिडकीतल्या कुंड्या फिरवत. एकदा सुनंदाची भाची तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. बाळ डाव्या कुशीवर गाढ झोपलेलं. अण्णांनी त्याला दोन्ही तळव्यांवर अलगद उचललं आणि उजव्या कुशीवर ठेवलं. बाळ जागंसुद्धा झालं नाही. भाची मात्र अशी ओरडली की शेजारचे धावत आले.

"एका अंगावर हुतं," अण्णा म्हणाले. जणू एवढं पुरे.

गल्लीतल्या एका लग्नात तर कहर झाला. मंगल कार्यालयात स्टेजच्या एका बाजूला भला मोठा कूलर लावलेला. नवरा-नवरी बिचारे वाऱ्यात बसलेले. अण्णांनी पंधरा मिनिटं सहन केलं. मग स्टेजवर चढले आणि दोघांना म्हणाले, "पोरांनो, जरा जागा बदला." नवरीनं कुठल्या बाजूला बसायचं यावर गुरुजी आणि अण्णा यांच्यात माइकवर चर्चा झाली. शेवटी तडजोड म्हणून कूलर भिंतीकडे वळवला. वऱ्हाड घामानं निथळलं, पण अण्णांच्या मते तो जोडा आजही सरळ आहे.

माणसांची पारखही ते मातीनंच करतात. कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा मुलगा तिशी आली तरी काही करत नाही, त्याच्याबद्दल म्हणतात, "घरच्यांनी लई पानी पाजलंय ओ त्याला. पानी जास्ती झालं की मडकं उभंच ऱ्हात न्हाय, बसतंय." भराभर मोठा झालेला एक पुढारी आहे, त्याच्याबद्दल, "खालचं आवळायच्या आदी पोट फुगिवलं. खांदा बसनारच की." मोठा माठ एका बैठकीत उभा करत नाहीत म्हणे, खालचा भाग जरा घट्ट झाल्यावर वरचा चढवायचा, नाहीतर सगळं आपल्याच वजनानं खाली येतं. माझ्याबद्दलही त्यांचं मत आहे. "भाऊसाहेब बेस मानूस. पर तुडवताना एकादा बुडबुडा ऱ्हायलाय. मधीच फुटतंय." माझ्या रागाला ते बुडबुडा म्हणतात. हे त्यांनी माझ्या आईसमोर सांगितलं आणि आईनं मान डोलावली.

एका रविवारी मलाही हुक्की आली. म्हटलं, आपणही चाकावर बसू. सगळी सकाळ गोळा मधोमध बसवण्यात गेली. गोळा मधोमध बसला की मी हलायचो, मी स्थिर झालो की गोळा पळायचा. अण्णा शेजारी उकिडवे बसून "सावकाश ओ, सावकाश" म्हणत होते. दुपारी कसाबसा एक वाडगा उभा राहिला. अण्णा पाणी आणायला आत गेले, आणि मला राहवलं नाही. बुडाखालून दोरा फिरवून फळीवर सरकवायचा असतो, हे मी दहा वेळा पाहिलेलं. पण उत्साहात दोरा ओढला आणि वाडगा सरळ काठाला धरून उचलला. काठ दोन्ही बाजूंनी दबला, वाडग्याचं अंडं झालं. मी घाईघाईनं बोटांनी दाबून पुन्हा गोल केला. अगदी पहिल्यासारखा. माझं मलाही कळलं नसतं.

अण्णा आले, वाडग्याकडे पाहिलं, पाव फेरा दिला.

"काठाला धरून उचललासा जनू?"

"दिसतंय का तुम्हाला?" मी चाटच पडलो.

"मला काय बी दिसंना. दिसाया गोलच हाय. पर मातीला कळलंय."

"अहो, पण केलाय ना आता सरळ!"

"तुमी केलासा. तिनं न्हाय केला."

मला हसू आलं. तीनेक आठवड्यांनी तो वाडगा आव्यातून भाजून निघाला. तेच अंडं. दोन्ही बाजूंना माझी बोटं जिथे दबली होती नेमक्या तिथेच तो आत गेलेला. अण्णांनी तो माझ्या हातात दिला. "वल्ली असताना झाल्यालं माती इसरत न्हाय ओ. आगीत गेली की समदं भायेर येतंय."

मी तो फेकून देणार होतो. आईनं ठेवून घेतला. चष्मा आणि गोळ्यांची पाकिटं ठेवायला लांबट भांडंच बरं, असं तिचं म्हणणं. माझ्या हातून काहीतरी उपयोगाचं झालं याचं तिला नवल वाटलं असावं.

आई आणि अण्णा यांचं मात्र जमत नसे. म्हणजे भांडण नव्हे, वाद. दर उन्हाळ्याच्या तोंडावर आई त्यांच्याकडून नवा माठ घेई, बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवून बघे, आणि मग दोघांची जुंपे. आईचा मुद्दा बिनतोड होता. माठाला वारा लागल्याशिवाय पाणी गार होईलच कसं? मग वारा वाईट कसा?

"भाजल्यावर लागू द्या की बाई. खुशाल लागू द्या. भाजायच्या आदी न्हाय."

"मग मी काय कच्ची आहे?" आई म्हणाली. "बहात्तर वर्षं या सोलापुरात काढलीत. पुरती भाजून निघालेय. माझा पंखा लावा."

अण्णांनी पटल्यासारखी मान हलवली. पण पंखा काही लावला नाही.

यंदा गुढीपाडव्याच्या आधी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, आठव्या दिवशी घरी आणलं. घरी सोडताना तिथल्या नर्सनं बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला. आई मुळात मधुमेही, अंगानं जड, आणि दुखणं असह्य. आम्ही नुसता हात लावला तरी ती किंचाळायची. "मला हात लावायचा नाही! दोघंही बाजूला व्हा!" तेहतीस वर्षं शाळेत बाई होती ती, तिनं 'बाजूला व्हा' म्हटलं की आजही माझे पाय आपोआप मागे सरतात. सुनंदा दोन-तीनदा रडली. मग आम्ही वळवायचं टाळू लागलो. दुखतंय तर कशाला, उद्या बघू, असं करत आई उताणीच राहिली.

आठवडाभरानं कमरेखाली तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. एका जागी कातडी सुटलेली. डॉक्टर घरी आले. मला बाहेर नेऊन म्हणाले, "हाड जुळेल हो. पण ही जखम खोल गेली तर या वयात, या साखरेत, आवरणं कठीण." मी मान हलवली आणि ओट्यावर जाऊन बसलो. मला खरंच भीती वाटली. आई जाईल अशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. ती जाण्याच्या प्रकारातली नाही, असं मी धरून चाललो होतो.

त्याच संध्याकाळी अण्णा आले. माठांचा हंगाम, म्हणून बरेच दिवस फिरकले नव्हते. आईसाठी तोटीचा छोटा माठ काखेत धरून आणलेला. आले, चपला काढल्या, खट्.

"आधी तो पंखा लावा, मल्लप्पा!" आतून आई ओरडली. 'हात लावू नका' सोडलं तर आठ दिवसांत तिनं उच्चारलेलं ते पहिलं धड वाक्य. सुनंदाला आणि मला इतकं बरं वाटलं की पंखा लावायचा राहूनच गेला.

अण्णा आत आले. आईकडे पाहिलं. "कवापास्नं हायती बाई आशा उतान्या?"

"घरी आणल्यापासून," मी म्हटलं. "आठ दिवस. वळूच देत नाही."

अण्णांनी माठ खाली जमिनीवर ठेवला. फिरवला नाही. मला ते तेव्हाच विचित्र वाटलं. नऊ वर्षांत त्यांनी ठेवलेली वस्तू न फिरवता सोडलेली मी पाहिली नव्हती.

"आट दिस?" ते म्हणाले. आवाज एकदम बारीक झालेला. मग सुनंदाकडे वळून, "अव्वा, जुन्या सुती साड्या काडा. चार. आनि फुडं व्हा. मी सांगतो तसं करा."

त्यांनी आईला हात लावला नाही. सुनंदाला सांगून आईच्या पाठीखाली साडीची चौपदरी घडी सरकवली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतःच्या हातात घेतली. मी सवयीनं आईचा खांदा धरायला गेलो, तर केवढ्यानं ओरडले, "काठाला धरू न्हका! काठाला धरून उचलत्यात व्हय? बुडाखालनं. समदं वजन एकदम. सावकाश." साडी ताणली गेली, आई एका बाजूला उचलली गेली, आणि हळूहळू, अगदी फळीवरचं ओलं मडकं सरकवावं तशी, कुशीवर आली. पाठीशी एक घडी, गुडघ्यांच्या मधे एक घडी, टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली एक.

आई अर्थातच ओरडत होती. अण्णा म्हणाले, "वरडा बाई, वरडा. वरडल्यानं मानूस वाकडं व्हत न्हाय."

हे ऐकून आई ओरडायची थांबली. बहुधा उत्तर शोधत असावी. आम्ही पंखा लावायला गेलो, तर अण्णांनी अडवलं. "वल्ल्या हायती अजून." ते गेल्यावर सुनंदानं लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला अण्णा हजर. नऊला हजर. अकराला हजर. संध्याकाळी जाताना पिशवीतून पडवीतलं ते गजराचं घड्याळ काढलं आणि आईच्या उशाशी, त्या वाकड्या वाडग्याशेजारी ठेवलं. "रातचं तुमी बगा. गजर हाय."

"आणि तुमची मडकी?"

"मला आदमास हाय की."

असं पंधरा दिवस चाललं. जखम चिघळायची थांबली. डॉक्टर म्हणाले, असंच करत राहा. आई मात्र दर वेळी ओरडायची, दर वेळी अण्णांना पंख्यावरून बोलायची, आणि अण्णा दर वेळी साडीचं टोक धरून "सावकाश" म्हणायचे. वाटायचं, यांचं वय झालंय, वेळ जात नाही, म्हणून येतात.

मग एक दिवस मी त्यांचा डबा परत द्यायला पडवीत गेलो आणि दारातच थबकलो. आदल्या दुपारी मोठी वावटळ आली होती. आईला वळवायला अण्णा तेव्हा आमच्याकडे होते. एका बाजूची सगळी गोणपाटं फाटून पडलेली, आणि आत ओळीनं मांडलेले कच्चे माठ, चाळीसेक तरी असतील, सगळे एकाच दिशेला माना कलवून बसलेले. तोंडं लांबट झालेली. काहींचे खांदे चिरलेले. ज्या माणसानं जन्मात वाकडं मडकं विकलं नाही, त्याचा ऐन हंगामातला सगळा माल माझ्या वाडग्यासारखा झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, हे आमच्यामुळे झालं."

अण्णा एकेक माठ उचलून मातीच्या हौदात टाकत होते. "जाऊ द्या. कच्चंच हाय की. भिजत घातलं की परत माती हुती. मडकं परत करता येतंय ओ." आणि पुढचा माठ उचलला.

मी घरी येऊन आईला सांगितलं. एकच्या गजराला अण्णा आले. खट्. आईला वळवून झालं, सुनंदानं चहा दिला. अण्णांनी कप फिरवला. मी उशी हातात धरून तिथेच उभा होतो. आईनं शाळेतल्या आवाजात विचारलं, "मल्लप्पा, खरं सांगा. तिकडे तुमची मडकी वाकडी होताहेत. इथे दर दोन तासांनी का येता?"

अण्णांनी कप पुन्हा फिरवला.

"आमची काशव्वा," ते म्हणाले. "अकरा वर्सं झाली बाई. मार्गशीर्षात तिचं एक अंग गेलं. वाचा बी गेली. मला संक्रांतीच्या सुगड्यांची घाई. तिला एकटं वाटू न्हाय म्हनून मी तिची बाज दारात टाकली, तोंड पडवीकडं केलं. मला बगत पडायची. मी दर दोन तासाला सुगडी फिरवायचो. समदी. त्या साली एक सुगडं वाकडं झालं न्हाय बाई. एक बी न्हाय."

चहा तसाच होता.

"ती दीड म्हयना त्याच अंगावर. खालची कातडी पार सडली, त्यातच गेली. डाक्टर म्हनला, फिरिवलं न्हाय का कुनी? म्हनलं, मला कुनी सांगितलंच न्हाय. घरी आल्यावर ध्यानात आलं. कुनी सांगाया कशाला पायजे? जनमभर मी दुसरं काय केलं?" त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "ती बगत हुती की. मी मडकी फिरिवताना रोज बगत हुती. तिला बोलता येत न्हवतं, बाई."

मी उशीकडे बघत राहिलो. नऊ वर्षं मी त्यांच्या कपांना हसलो होतो, बरण्यांना हसलो होतो, त्या बाळाची गोष्ट ऑफिसात नकला करून सांगितली होती. वस्तू फिरवायची ही खोड त्यांना काशव्वा गेल्यावरच लागली, असं पुढे त्यांच्या अक्कलकोटच्या लेकीनं सांगितलं. त्याआधी ते घरातली काडीसुद्धा हलवत नसत. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आईनं पांघरुणातून हात बाहेर काढला आणि अण्णांच्या पुढ्यातला गार झालेला कप उचलून सुनंदाकडे दिला. "गरम करून आण," म्हणाली. "आणि मल्लप्पा, तीनला या. मी वाट बघते."

तीनचा गजर झाला तेव्हा अण्णा दारात होते. आईनं स्वतःच साडीची कड चाचपून सरळ केली. "चला, वळवा मला," म्हणाली. त्या दिवसापासून ती ओरडली नाही. दुखत होतंच, ते तिच्या घट्ट मिटलेल्या ओठांवरून दिसायचं. पण ओरडली नाही.

मे महिन्याच्या मध्यावर आई वॉकर धरून पहिल्यांदा बाहेरच्या खोलीपर्यंत चालत आली. सतरा पावलं. मी मोजली. खुर्चीत ताठ बसून तिनं चष्मा मागितला; सुनंदानं वाडग्यातून काढून दिला. तेवढ्यात अण्णा आले. चपला, उंबरा, हात बटणाकडे. खट्.

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "असू दे बंद."

आम्ही चौघं बसलो. घाम माझ्या कानामागून मानेत उतरत होता. अण्णा आईकडे बघत होते. डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा डोक्यापर्यंत. चाकावरून उतरवलेल्या मालाकडे बघतात तसंच.

"अव्वा, पाट कशी हाय?" त्यांनी सुनंदाला विचारलं.

"भरली सगळी. कोरडी आहे."

"नीट बगितलंसा?"

"रोज बघते, अण्णा."

अण्णा उठले. भिंतीशी गेले. बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबले. खट्. पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला.

"भाजल्या आता बाई," ते म्हणाले. "लागू द्या वारं."

"मी केव्हाच सांगितलं होतं," आई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

अण्णा परत खुर्चीत बसले, पंख्याच्या वाऱ्यात, माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच. डोक्यावरचे पांढरे केस भुरभुरत होते. थोड्या वेळानं उठून त्यांनी आपली खुर्ची पाव फेरा फिरवली, आणि खाली गेलेला डावा खांदा वाऱ्याकडे करून बसले.